माझ्या डोक्यावरचं पठार

जेवण अंगावर आलेलं असताना माणसाने कुठलाही निर्णय घेऊ नये, हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं. रविवारची दुपार होती. खिडकीतून आलेलं ऊन सतरंजीवर पसरलं होतं, त्याच्या शेजारी मी पसरलो होतो, आणि बायको जुन्या फोटोंचं पाकीट उघडून तिच्या आईसमोर, म्हणजे माझ्या सासूबाईंसमोर, बसली होती.

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या त्याला आठ महिने झाले होते. आल्या तेव्हा बोलायच्या. मग त्यांचं बोलणं हळूहळू विरत गेलं. माणसंही विसरायला लागल्या. सगळ्यात आधी मला विसरल्या. (मी मनाला लावून घेतलं नाही. मला लक्षात ठेवणं लोकांना एकूण जडच जातं. ऑफिसात बारा वर्षं झाली, मोठे साहेब अजून मला "अहो, हे" म्हणून हाक मारतात.) डॉक्टरांनी सांगितलं होतं, जुने फोटो दाखवत जा. म्हणून बायको रोज एकेक फोटो त्यांच्यासमोर धरायची आणि सासूबाई शांतपणे खिडकीबाहेर बघत बसायच्या.

त्या दिवशी एका फोटोवर बायको स्वतःच थांबली.

"अहो, बघा ना. आमचा मामा."

मी एक डोळा उघडला. जहाजाच्या कठड्याला टेकून एक उंच माणूस उभा होता. मागे नुसतं पाणी. आणि डोक्यावर केस असे, की मी दुसराही डोळा उघडला. बाजूंनी बारीक, वर ताठ उभे, आणि माथ्यावर सुताराने रंधा मारल्यासारखे सपाट. वर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला असता तरी हिंदकळला नसता.

"याला फ्लॅटटॉप म्हणायचे तेव्हा," बायको म्हणाली. "जहाजावर वायरलेसवाला होता मामा. सुट्टीवर आला की मला खांद्यावर बसवायचा आणि मी त्याच्या डोक्यावरून तळहात फिरवत राहायची. ब्रशसारखं लागायचं. किती देखणा होता ना?"

"हं," मी म्हणालो.

"एकदा कुणाला न सांगताच गेला. पहाटेची बोट होती म्हणे, आईला उठवलं नाही. आधी पत्रं यायची. मग पत्रंही थांबली."

ती फोटोकडे बघत होती. त्या नजरेने तिने माझ्याकडे एकोणीस वर्षांत एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हाही माझ्या मागे शिलाई मशीनचं दुकान होतं. (ती कपडे अल्टर करून देते. सरळ शिलाई दिसली की तिचा जीव विरघळतो.) मी उठून बसलो. मला वाटलं, केस तर मलाही आहेत.

एवढंच. इतका छोटा निर्णय होता.

आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने फोटो उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. "हे आपल्याला जमायचं नाही साहेब. माझ्या वस्तादांकडे जा. मागच्या गल्लीत, निळं दार."

निळ्या दारामागे एकच खुर्ची होती, पारा उडालेला एक आरसा होता आणि वस्ताद स्वतः होते. वय ऐंशीच्या अलीकडे-पलीकडे. त्यांनी फोटो नाकापाशी नेला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. मला वाटलं, झोप लागली.

"हा कट मी शेवटचा मारला त्याला एकतीस वर्षं झाली," ते म्हणाले. "बसा."

त्यांनी माझ्या डोक्यावरून दहाही बोटं फिरवली, एखाद्याने जमीन विकत घेण्याआधी फिरून यावं तशी.

"केस जाड आहेत. मध्ये जरा विरळ."

"मग जमणार नाही का?"

"जमेल. माथ्यावर थोडी जमीन दिसेल. चांगल्या फ्लॅटटॉपमध्ये जमीन दिसतेच. घाबरायचं नाही."

मग त्यांनी ड्रायर सुरू केला. त्या उबेत माझे डोळे मिटले. कंगवा केसांतून वर जात होता, कात्री त्याच्यावरून चालत होती, आणि तो आवाज लांबून येणाऱ्या लाटांसारखा वाटायला लागला. मी जहाजाच्या कठड्याला टेकून उभा होतो. डोक्यावरून वारा जात होता आणि केस जागचे हलत नव्हते. किनाऱ्यावर बायको उभी होती. हात कपाळावर धरून माझ्याकडेच बघत होती. मी हात हलवला.

"हलू नका!" वस्ताद ओरडले.

मी डोळे उघडले. त्यांनी माझ्या डोक्यावर गवंड्याची पाणसळ आडवी ठेवली होती. आतला बुडबुडा मला आरशात दिसत होता. तो डावीकडे गेला, उजवीकडे आला आणि बरोबर मधोमध थांबला.

"श्वास जपून घ्या," वस्ताद हळूच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बघा. तळं आहे तळं. वाऱ्याशिवायचं."

मग नियम सांगितले. दर दहाव्या दिवशी यायचं. रोज सकाळी मेण लावून ड्रायरने केस उभे करायचे. टोपी नाही, हेल्मेट नाही, कुणाच्या खांद्यावर डोकं टेकणं नाही. झोपताना उताणं, मानेखाली गुंडाळलेला टॉवेल, डोकं अधांतरी. (बायको नंतर म्हणाली, की झोपेत मी नांगरलेल्या होडीसारखा दिसायचो. मला ते आवडलं.)

घरी आलो. बेल वाजवली. बायकोने दार उघडलं आणि अदबीने विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

"अगं, मीच."

ती एक क्षण नुसती बघत राहिली. आता ती नजर येणार म्हणून मी मान किंचित उंच केली. ती मटकन चपलांच्या कपाटावर बसली आणि पोट धरून हसायला लागली. "अहो, हे काय! इस्त्री ठेवायची सोय केलीत होय?"

मी काहीतरी बाणेदार बोलणार होतो, एवढ्यात आतून आवाज आला.

"कोण आलंय गं?"

बायकोचं हसणं तोंडातच राहिलं. सासूबाईंनी आपणहून प्रश्न विचारल्याला कित्येक महिने झाले होते. त्या भिंतीला धरत धरत बाहेर आल्या. माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, त्याच्या जरा वर.

"दादा?" त्या म्हणाल्या.

घरात कुठेतरी नळ ठिबकत होता, तो मला ऐकू आला.

त्या जवळ आल्या. हात वर केला. मी वस्तादांचा नियम मोडून खाली वाकलो. त्यांनी माझ्या माथ्यावरून तळहात फिरवला, एकदा, दोनदा.

"इतका उशीर लावलास?"

मी बस कंपनीच्या हरवलं-सापडलं खात्यात काम करतो, त्यामुळे उशीर म्हटलं की माझ्या तोंडात आपोआप 'बस' येतं. ते कसंबसं गिळलं. "बोट उशिरा सुटली," मी म्हणालो.

"तुझं नेहमीचंच," सासूबाई म्हणाल्या. "हातपाय धू. अगं, मामाला चहा टाक."

बायकोने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"हे काय करताय तुम्ही? फसवताय तिला?"

"मी कुठे काय केलं? जे काही म्हणाले ते माझे केस म्हणाले."

"खरं सांगून टाका."

"तूच सांग."

ती चहाचं भांडं हातात धरून दारापर्यंत गेली. बाहेर सासूबाई खुर्चीवरच्या उशा नीट करत होत्या, स्वतःशीच गुणगुणत होत्या. बायको तशीच परत फिरली आणि पातेल्यात एक कप पाणी जास्त घातलं.

त्यानंतरचे दोन महिने मी आठवायला गेलो की मला सगळं जरा धूसर, पिवळसर दिसतं. मी ऑफिसातून लवकर निघायचो. सासूबाई खिडकीशी बसलेल्या असायच्या, मी समोरच्या खुर्चीत बसायचो आणि त्या बोलायच्या. त्यांच्या लहानपणची नदी. नदीवरचा लाकडी पूल, त्याची तिसरी फळी सुटलेली. पलीकडच्या बागेतले चोरलेले पेरू, आणि दादाने सगळा मार स्वतःवर घेतला तो दिवस. "आठवतं ना?" त्या विचारायच्या. "आठवतं," मी म्हणायचो. आणि गंमत म्हणजे पंधरा दिवसांत मला खरंच आठवायला लागलं. त्या पुलावरून जाताना माझा पाय आपोआप तिसरी फळी टाळायचा. एकदा मी म्हणालो, "पाणी काय गार असायचं!" सासूबाई म्हणाल्या, "तू कधी उतरलास पाण्यात? तुला पोहता कुठे येत होतं?" मी ओशाळलो. (मला खरंच पोहता येत नाही. या बाबतीत आम्ही दोघे एकच आहोत.)

अशाच एका संध्याकाळी मी मान वर केली तर बायको दारात उभी होती. खांद्यावर टेप, हातात कुणाची तरी अर्धी उसवलेली पँट, आणि ती माझ्याकडे बघत होती. तीच नजर. मी मागे वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

त्या नजरेसाठी मी काय काय सोसलं म्हणून सांगू! सकाळी पाऊण तास आरशापुढे. उन्हात मेण वितळून कपाळावर यायचं, सावलीत गेलं की घट्ट व्हायचं, त्यामुळे माझा चेहरा कायम किंचित आश्चर्यचकित दिसायचा. रस्त्यावरची सगळी धूळ डोक्यावर वस्तीला. कागदाचे कपटे, एकदा एक पीस, एकदा लहानशी जिवंत माशी. वारा सुटला की मी भिंतीच्या कडेकडेने चालायचो. ऑफिसात मोठ्या साहेबांनी बोलता बोलता एक पावती माझ्या माथ्यावर ठेवली, पेनाचं टोपण उघडलं, सही केली आणि पावती उचलून नेली. त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही. बारा वर्षांत त्यांनी माझा पहिल्यांदाच काही उपयोग करून घेतला.

त्याच आठवड्यात आमच्या खात्याच्या खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ छत्री न्यायला आले. मी काळी छत्री दिली. त्यांनी ती उघडली, मिटली, छातीशी धरली. गेल्यावर मला नोंद सापडली, त्यांची छत्री तपकिरी होती. मी धावत बाहेर गेलो. ते रस्त्याच्या टोकाला पोचले होते आणि आकाश स्वच्छ असताना छत्री उघडून डुलत चालले होते. मी हाक मारली नाही. परत येऊन नोंदीतला 'तपकिरी' खोडला आणि 'काळी' लिहिलं. एरवी मी असं कधी करत नाही.

सातव्या वेळी निळ्या दाराशी गेलो तेव्हा वस्ताद दाराला कुलूप लावत होते.

"डोळ्यांचं ऑपरेशन. दोन्ही डोळे. मुलीकडे चाललोय, दोन महिने तरी."

"आणि माझं?" माझ्या आवाजात रडू होतं.

"टोपी घालू नका," ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघून जवळ आले. "एक सांगतो साहेब. तो पाणसळीतला बुडबुडा मला पहिल्या दिवसापासून दिसत नव्हता. हाताने कापत होतो."

"पण तुम्ही रडलात तेव्हा!"

"मोतीबिंदू. पाणी येतं."

पहिल्या आठवड्यात पठारावर गवत आलं. दुसऱ्या आठवड्यात झुडपं. मी कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याकडे गेलो, त्याने हात जोडले. तिसऱ्या आठवड्यात सासूबाई गोष्ट सांगता सांगता थांबल्या आणि डोळे बारीक करून म्हणाल्या, "दादा, बरं नाही का तुला? डोकं उतरलंय तुझं." चौथ्या आठवड्यात त्यांनी बायकोला विचारलं, "दादा कुठे गेला?" मी समोरच बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं आणि मान खिडकीकडे फिरवली. दोन दिवस धड जेवल्या नाहीत. दार वाजलं की उठायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोने शिवणाची मोठी कात्री काढली.

"मी कापते."

"तू?"

"सरळ कापणं हा माझा धंदा आहे. हजार पँटींची लांबी कमी केलीय मी."

"पँट हलत नाही गं."

"तुम्हीपण हलू नका."

मी उठलो. सासूबाईंच्या समोरून जाताना सवयीने म्हणालो, "येतो हं." त्या बाहेरच बघत होत्या.

न्हाणीघरात स्टूल टाकलं. बायकोने माझ्या गळ्याभोवती चादर बांधली, तोंडात टाचण्या धरल्या (का, ते मी विचारलं नाही, ती सवय असावी), टेपने दोन्ही कानांपासून उंची मोजली आणि शिंप्याच्या खडूने केसांवर रेघ ओढली. सुरुवात फार चांगली झाली. खिडकीतून ऊन येत होतं, कात्रीचा आवाज येत होता, ती इतकी जवळ होती की तिचा श्वास कपाळाला लागत होता. मला वाटलं, हे असंच चालू राहावं. केस संपूच नयेत.

"उजवीकडे सूतभर जास्त आहे," ती टाचण्यांमधून म्हणाली.

उजवीकडे सूतभर कापलं.

"आता डावीकडे."

डावीकडे कापलं.

"मागे जरा उतार वाटतोय."

"पाणी जायला बरा," मी म्हणालो.

"बोलू नका. डोकं हलतं."

मागचा उतार काढला, तेव्हा पुढे चढ झाला. चढ काढला. मग पुन्हा उजवीकडे. पठार हळूहळू खाली येत होतं, पण सपाटी काही हाताला लागत नव्हती. शेवटी ती लांब उभी राहिली, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाली, "झालं. फक्त मधला एक केस." ती वाकली. त्या क्षणी खडूची भुकटी माझ्या नाकात गेली.

मी शिंकलो.

कात्रीचा एक लांब कच्च आवाज आला.

"खूप गेलं का?" मी विचारलं.

"नाही तसं... अहो, मधोमध बस जाण्यापुरता रस्ता आपणच ठेवला होता, असं म्हणता येईल का?"

मी आरसा मागितला. तिने दिला नाही. पाच मिनिटांनी तिने माझं दाढीचं मशीन काढलं. मी मान खाली घातली. उरलेलं सगळं चादरीवर पडताना मी बघत होतो. एवढासा तर ढीग होता. त्यात मामा होता, नदी होती, तिसरी फळी होती. बायकोने तोंडातल्या टाचण्या काढून एकेक करून डबीत ठेवल्या.

"आईला काय सांगायचं आता?"

"मी सांगतो," मी म्हणालो. काय सांगणार ते मला माहीत नव्हतं.

दारात पावलांचा आवाज आला. सासूबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. आधी खाली पडलेल्या केसांकडे बघितलं. मग माझ्या डोक्याकडे, जिथे आता बघण्यासारखं काही नव्हतं. आणि मग, तीन महिन्यांत पहिल्यांदाच, त्यांची नजर तिथून खाली उतरली आणि माझ्या चेहऱ्यावर थांबली.

"अगंबाई! जावईबापू! तुम्ही कधी आलात?"

मी स्टुलावरून उठलो. (चादर उठली नाही. ती स्टुलाखाली अडकली होती, त्यामुळे मी पुन्हा बसलो.)

"आई," बायको चाचरत म्हणाली, "मामा..."

"गेला की तो मघाशी. बोट होती त्याची." सासूबाईंचा चेहरा अगदी शांत होता. "या वेळी मात्र सांगून गेला हो. समोर येऊन 'येतो हं' म्हणाला. मी उगीच मागे वळून पाहिलं नाही, म्हटलं पाय अडकायला नको."

बायकोने माझ्या डोक्यावर गाल टेकला आणि रडायला लागली. तिचे अश्रू थांबायला तिथे काहीच नव्हतं, ते सरळ माझ्या कानात जात होते. मीही डोळे मिटून घेतले. मला ते जहाज दिसलं, आता बरंच लांब गेलेलं, आणि कठड्याशी एक सपाट माथा.

सासूबाई मात्र खुशीत होत्या. "चांगला दोन महिने राहिला. भरपूर गप्पा मारल्या आम्ही. तुमचाही विषय निघाला होता."

"माझा?" मी डोळे उघडले. एवढ्या संध्याकाळी त्यांच्यासमोर बसलो, त्यात माझा विषय एकदाही निघाला नव्हता. मी तो काढणं मला प्रशस्त वाटलं नव्हतं. "काय म्हणाला दादा?"

सासूबाईंनी आवाज खाली आणला आणि लेकीकडे वळल्या, जणू मी तिथे नव्हतोच.

"म्हणाला, माणूस मनाचा चांगला आहे. पण जरा बावळट आहे, पोरीला म्हणावं सांभाळून घे."

मी असं काहीही म्हणालो नव्हतो. शपथेवर सांगतो. मी तसं सांगायला तोंड उघडलंही, पण बायकोने तोवर डोळे पुसले होते, आणि कौतुकाने मान हलवत ती म्हणाली, "मामाला माणसं किती पटकन कळायची ना!"